बाळंतिणीला काय म्हणावे?



आपल्या कोकणातून परिचारिकेचे शिक्षण घेऊन आखातात, इंग्लंडमध्ये नोकरीला गेलेल्या मुली सुट्टीत घरी आल्या की तिकडच्या इस्पितळांच्या गोष्टी सांगतात. अलीकडे त्यांच्या बोलण्यात एक विषय वरचेवर येतो. तिकडे म्हणे 'आई' हा शब्दच काढून टाकणार, 'बाळंत होणारी व्यक्ती' असे म्हणायचे. ऐकणारे हसतात, काहीजण रागावतात, आणि मिस्सा संपल्यावर प्रश्न आमच्यापर्यंत येतो : "फादर, आईला आई म्हणायचीही आता चोरी काय?"

प्रश्न थट्टेने विचारला जातो, पण तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. बाळंतपण ही जीवनमरणाच्या उंबरठ्यावरची वेळ असते. त्या वेळी कानावर पडलेला शब्द बाई जन्मभर विसरत नाही. म्हणून गरोदरपणात आणि मुलाच्या जन्माच्या वेळी आपण कोणते शब्द वापरावेत, त्यांत कुणाला सामावून घ्यावे, आणि हे करताना सत्याशी इमान कसे राखावे, याचा आज थोडा विचार करू.

प्रथम, तिकडे झाले काय ते पाहू. इंग्लंडमधील ब्रायटन व ससेक्स भागातील सरकारी इस्पितळांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्या प्रसूती विभागासाठी शब्दांविषयी सूचना काढल्या. स्त्रीचे शरीर घेऊन जन्मलेल्या, पण स्वतःला स्त्री न मानणाऱ्या काही व्यक्तीही गरोदर राहतात. त्यांनाही इस्पितळात यावे लागते. त्यांचा विचार करून 'आई' या शब्दाच्या जोडीला 'जन्म देणारे पालक' असा शब्द सुचवला गेला. 'आई' हा शब्द काढलेला नव्हता, त्याच्या शेजारी दुसरा ठेवला होता. बातमी मात्र जगभर फिरली ती 'आई शब्दावर बंदी' अशी.

याच्या उलट उदाहरणही त्याच वर्षीचे आहे. 'द लॅन्सेट' हे जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिक आहे. सप्टेंबर २०२१ च्या एका अंकाच्या मुखपृष्ठावर त्याने स्त्रियांचा उल्लेख 'अमुक अवयव असलेली शरीरे' अशा अर्थाच्या शब्दांत केला. जगभरच्या स्त्रियांना ते लागले आणि संपादकांनी माफी मागितली. हेतू कुणाला वगळू नये असाच होता. पण वगळू नये म्हणून जो शब्द निवडला, त्यात माणूसच उरला नाही, अवयव उरला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की प्रश्न नीट कळतो. शब्द रुंद करणे वेगळे आणि शब्द पोकळ करणे वेगळे. पहिले आपण करायला हवे, दुसरे टाळायला हवे. आणि पहिले करायला इंग्लंडला जाण्याची गरज नाही. ते काम आपल्या ओसरीवरच पुष्कळ शिल्लक आहे.

आपल्या तोंडचे शब्द

आपली भाषा या बाबतीत मुळात कंजूष नाही. गरोदर बाईला आपण 'दोन जिवांची' म्हणतो. या शब्दात नवऱ्याचे नाव नाही, कुंकू नाही, जात नाही, घराणे नाही. दोन जीव आहेत, एवढेच तो सांगतो. नुकते जन्मलेले मूल आपल्या व्याकरणात 'ते' असते : ते बाळ, ते लेकरू. ज्ञानेश्वर पुरुष, तरी महाराष्ट्र त्यांना 'माउली' म्हणतो. पंढरीच्या विठोबाची 'विठाई' होते. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात तर परमेश्वर स्वतःची तुलना तान्ह्या मुलाच्या आईशी करतो. म्हणजे आईपणाचा शब्द आपण फार पूर्वीच रुंद केला आहे, आणि त्यामुळे घरच्या आईचा वाटा तसूभरही कमी झालेला नाही.

पण याच जिभेवर दुसरेही शब्द आहेत. लग्नाला चार वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की बाई 'वांझ' ठरते. मूल न होण्याचे कारण कित्येकदा पुरुषाकडे असते, असे वैद्यकशास्त्र सांगते. पुरुषाला मात्र तो शब्द कुणी लावत नाही. डोहाळजेवणात ओटी भरायला सगळ्या बायकांना बोलावतात, पण विधवा आत्याला स्वयंपाकघरातच काम निघते. दत्तक घेतलेल्या मुलाला बघून शेजारीण सहज विचारते, "पण ह्याची खरी आई कोण?" आणि जी आई रात्रभर त्याच्या तापाशी जागली, ती त्या एका शब्दाने खोटी ठरते.

ज्या बाईचा गर्भ आपोआप गेला, तिचे दुःख सांगायलाही आपण धड शब्द ठेवलेला नाही. आपण म्हणतो 'गर्भपात झाला'. जे जाणूनबुजून केले जाते त्यालाही हाच शब्द, आणि जे देवाघरचे दुःख म्हणून अंगावर कोसळते त्यालाही हाच. इस्पितळाच्या कागदावर हा शब्द वाचून, आपल्यावर कसला आरोप ठेवला आहे, अशी समजूत करून घेतलेल्या बायका आम्हांला भेटल्या आहेत. "बाळ गेलं" असे साधे दोन शब्द त्यांना कुणी म्हटले असते, तर निदान रडायची मोकळीक मिळाली असती.

आणि मुलीचा जन्म. फोनवर पहिला प्रश्न, "झील काय चेडू?" यात गैर काही नाही. पण दुसऱ्या खेपेला उत्तर येते, "हिला पण मुलगीच." या वाक्यातला 'च' ऐका. बाळ अजून धड डोळे उघडत नाही, तोवर त्या एका अक्षराने त्याची किंमत ठरलेली असते.

हा 'च' किती लांब जाऊ शकतो, हे आपल्या राज्याने पाहिले आहे. सातारा जिल्ह्यात अनेक कुटुंबांनी नको असताना झालेल्या मुलीचे नाव 'नकुशी' ठेवले होते. शाळेच्या हजेरीत रोज तेच नाव पुकारले जाई. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात जाहीर समारंभ झाला आणि दोनशेहून अधिक नकुशींना नवी नावे देण्यात आली. काहींनी ती स्वतःच निवडली. नाव बदलल्याने घरची गरिबी गेली नाही, हुंडा थांबला नाही. पण 'तू नको होतीस' असे रोज सांगणारा एक आवाज बंद झाला. ज्याने ते नाव कधी सोसले नाही, त्यानेच 'नावात काय आहे' असे म्हणावे.

शब्द हे दार असते

काहीजण म्हणतील, फादर, शब्दांचे एवढे काय? पोटात अन्न आणि गावात डॉक्टर असला की झाले. यावर आम्हांला सेमिनरीतल्या तत्त्वज्ञानाच्या वर्गातली एक गोष्ट आठवते. जे. एल. ऑस्टिन नावाचे इंग्लिश तत्त्वज्ञ होते. त्यांनी १९५५ मध्ये हार्वर्डला दिलेली व्याख्याने पुढे १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांचे म्हणणे असे, की आपण शब्दांनी केवळ माहिती देत नाही, शब्दांनी कृती करतो. 'मी वचन देतो' हे वर्णन नाही, ते वचन देणेच आहे. आपणा ख्रिस्ती लोकांना हे वेगळे शिकवायला नको. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरू जे शब्द उच्चारतो, त्याने बाप्तिस्म्याची बातमी कळत नाही, बाप्तिस्मा होतो. मग 'वांझ', 'अनौरस', 'खरी आई कोण' हेसुद्धा वर्णन नव्हे. तीही कृती आहे. त्या शब्दांनी कुणाला तरी उंबऱ्याबाहेर उभे केले जाते.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा आपल्याच महाराष्ट्राने दिला आहे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला, पण समाजाने तो मानला नव्हता. तरुण विधवांची फसवणूक होई, दिवस राहत, आणि मग नवजात बाळाचा किंवा स्वतःचा जीव घेण्याखेरीज त्यांना वाट दिसत नसे. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तशी पत्रकेही शहरात लावली. त्यांचा आशय असा, की विधवांनी येथे गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावे, मूल बरोबर न्यावे किंवा येथे ठेवावे. बाप कोण, हे त्या दारात विचारले जात नव्हते. तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करता करता वारल्या, तेव्हा हा मुलगाच त्या कामात त्यांच्या बरोबर होता.

भाविकहो, त्या पत्रकावर पतित, कुलटा असा एखादा शब्द असता, तर ती बाई दारापर्यंत आली असती का? खोली तीच, सुईण तीच, औषध तेच. पण शब्द वेगळा असता तर यशवंत जगला नसता. म्हणून आमचे म्हणणे असे, की बाळंतपणातल्या शब्दाची पहिली कसोटी ही : हा शब्द ऐकून ती आत येईल, की पाठ फिरवील?

आजही हे तितकेच खरे आहे. समजा आपल्या पंचक्रोशीतली एखादी अविवाहित मुलगी गरोदर आहे. आरोग्य केंद्रात कार्ड काढताना "नवऱ्याचं नाव सांग" असे सगळ्यांसमोर मोठ्याने विचारले, की ती पुन्हा येत नाही. रक्तदाब तपासला जात नाही, लोहाच्या गोळ्या मिळत नाहीत, धनुर्वाताची सुई चुकते. शेवटी नको त्या घटकेला, नको त्या अवस्थेत तिला कणकवलीला किंवा ओरोसला धावत न्यावे लागते. कळा सोसणाऱ्या बाईला प्रसूतिगृहात टोमणे मारले जातात, तेव्हाही हेच घडते : ती पुढच्या खेपेला उशिरा येते, किंवा येतच नाही. केंद्र सरकारने २०१७ मध्ये 'लक्ष्य' नावाचा कार्यक्रम सुरू केला, त्यात प्रसूतिगृहाच्या स्वच्छतेबरोबर बाळंतिणीशी आदराने वागणे हेही उद्दिष्ट ठेवले आहे, ते उगाच नव्हे.

कागदावरची भाषा

तोंडचे शब्द जसे, तसे कागदावरचे रकाने. अर्जावरचा रिकामा रकाना हाही एक प्रश्न असतो, आणि काहींसाठी तो कुलूप असतो.

जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. दाद मागणारी स्त्री ख्रिस्ती होती, अविवाहित होती, मुलाला एकटीने वाढवत होती. मुलाची कायदेशीर पालक म्हणून नोंद व्हावी, तर बापाचे नाव सांगा, त्याला नोटीस पाठवू, असे खालच्या न्यायालयांनी तिला सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने तिला बापाचे नाव उघड करण्यास भाग पाडता येणार नाही असे ठरवले. एकट्या आईने प्रतिज्ञापत्र दिले की मुलाचा जन्मदाखला द्यावा, असाही आदेश दिला. पण या निकालातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मुलाला आपले मूळ जाणण्याचा हक्क आहे, हेही न्यायालयाने ध्यानात घेतले, आणि बापाचा तपशील तिच्याकडून मोहोरबंद लिफाफ्यात घेऊन ठेवला. न्यायालयाच्या आदेशाशिवाय तो उघडायचा नाही. आम्हांला हा लिफाफा फार अर्थपूर्ण वाटतो. सत्य फेकून दिले नाही, आणि ते दारावरची वसुली म्हणूनही मागितले नाही.

त्यानंतर इतर दारेही हळूहळू उघडली. प्रधानमंत्री मातृ वंदना योजना २०१७ ची. तिचे पैसे मिळण्यासाठी आधी नवऱ्याचेही आधार कार्ड लागे. २०२२ च्या नव्या नियमांत ती सक्ती काढली, तेव्हा टाकून दिलेल्या आणि एकट्या बायकांना ती मदत मागता येऊ लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीश व वकिलांसाठी एक पुस्तिका काढली. 'अविवाहित माता' ऐवजी नुसते 'माता' म्हणा, आणि मुलाला 'अनौरस' म्हणू नका, असे तीत सांगितले आहे. आपल्या राज्य मंत्रिमंडळाने ११ मार्च २०२४ रोजी ठरवले, की १ मे २०२४ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि मग आडनाव लिहायचे. नऊ महिने जिने वाहिले, तिचे नाव मधोमध आले. वडिलांचे नाव पुसले गेले नाही. शब्द रुंद करणे म्हणतात ते हे.

दुसऱ्याला सांगण्यापूर्वी ख्रिस्तसभेनेही आपले रजिस्टर पाहावे. १९१७ च्या धर्मविधी संहितेत विवाहबाह्य जन्मलेल्या मुलाला सहजासहजी धर्मगुरू होता येत नसे. जन्म त्याचा, त्यात त्याचा अपराध कोणता? १९८३ च्या संहितेने ती आडकाठी काढून टाकली. आज बाप्तिस्म्याच्या नोंदीचा नियम असा आहे : आई अविवाहित असेल आणि तिचे मातृत्व जाहीर असेल, किंवा तिने स्वतः लेखी वा दोन साक्षीदारांसमोर मागणी केली असेल, तर तिचे नाव लिहावे. बापाचे नाव, सरकारी कागदाने सिद्ध झाले असेल किंवा त्याने स्वतः धर्मगुरू व दोन साक्षीदारांसमोर सांगितले असेल, तर लिहावे. नाहीतर बाप्तिस्मा घेणाऱ्याचे नाव लिहावे आणि पुढे काही जोडू नये. मूल श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा असावी, एवढी अट आहे. आईवडिलांचे लग्न झालेले असावे, ही अट नाही. अविवाहित आईचे मूल बाप्तिस्म्यावाचून परत पाठवणाऱ्या धर्मगुरूंना ब्युनोस आयर्सचे कार्डिनल बर्गोलिओ यांनी २०१२ मध्ये उघडपणे ढोंगी म्हटले होते. पुढच्याच वर्षी ते पोप फ्रान्सिस झाले.

पण सत्याचे काय?

येथवर बहुतेकांना पटले असेल. आता अवघड भाग. सामावून घेणे ही एकच कसोटी मानली, तर उद्या कुठल्याही शब्दाला काहीही अर्थ चिकटेल. संत थॉमस अक्वायनस शिकवतात, की बुद्धी आणि वस्तू यांचा मेळ म्हणजे सत्य. शब्द गोड आहे म्हणून खरा ठरत नाही. म्हणून दुसरी कसोटी ही : हा शब्द खरा आहे का?

गोड शब्दांचा धोका आपण पाहिला आहे. एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवांना 'गंगा भागीरथी' म्हणावे, असा प्रस्ताव चर्चेसाठी मांडला. विधवांसाठी काम करणाऱ्यांनीच त्याला विरोध केला. कारण जिला हे नाव द्यायचे, तिला कुणी विचारले नव्हते, आणि नवे नाव लावूनही तिची वेगळी रांग कायमच राहणार होती. त्याच्या एक वर्ष आधी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने नवे नाव शोधले नाही. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. यातले खरे काम कोणते, हे सांगायला नको. वागणे न बदलता फक्त शब्द बदलला, तर काही दिवसांनी नवा शब्दही जुन्यासारखाच टोचू लागतो.

मग ब्रायटनच्या प्रश्नाकडे वळू. तो आता आपल्या देशातही आला आहे. केरळात कोझिकोड येथे फेब्रुवारी २०२३ मध्ये एका तृतीयपंथी जोडप्याला मूल झाले. स्त्रीदेहाने जन्मलेल्या आणि पुरुष म्हणून जगणाऱ्या जोडीदाराने ते मूल पोटात वाढवले. जन्मदाखल्यावर त्याला 'आई' म्हणून नोंदले गेले. त्यांनी 'आई-वडील' ऐवजी 'पालक' लिहावे अशी मागणी केली आणि जून २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ती मान्य केली.

यावर आपण काय म्हणावे? देवाने माणसाला स्त्री व पुरुष असे निर्माण केले आणि देह ही त्याची देणगी आहे, हे ख्रिस्तसभेचे शिक्षण आहे, आणि आम्ही ते मानतो. मूल नऊ महिने कुणाच्या उदरात वाढले, ही घडलेली गोष्ट आहे. मुलाला ती एक दिवस कळली पाहिजे. पण हेच शिक्षण असेही सांगते, की प्रत्येक माणसाची प्रतिष्ठा देवाने दिलेली आहे आणि ती कुणाच्या मान्यतेवर अवलंबून नाही. व्हॅटिकनच्या श्रद्धाशिक्षण विभागाने ३१ ऑक्टोबर २०२३ च्या टिपणात स्पष्ट केले, की लिंगबदल केलेल्या व्यक्तीलाही इतर भाविकांच्याच अटींवर बाप्तिस्मा घेता येतो, मात्र त्यातून लोकांच्या श्रद्धेला ठेच लागण्याचा किंवा गोंधळाचा प्रसंग नसावा. म्हणजे शिक्षण सोडले नाही आणि दारही लावले नाही.

आम्हांला उमगते ते असे. एखादी व्यक्ती समोर कळा सोसत असेल, तेव्हा तिला कसे हाक मारावी हे तिलाच विचारावे. तेथे तत्त्वज्ञानाचा वाद काढणे हे क्रौर्य होईल. हाक मारणे म्हणजे प्रतिज्ञापत्र नव्हे. परंतु गावच्या फलकावर, लसीकरणाच्या पत्रकावर, शाळेच्या पुस्तकात 'आई' हा शब्द तसाच राहावा. तो खरा आहे, तान्ह्या मुलाच्या तोंडी येणाऱ्या पहिल्या शब्दांपैकी आहे, आणि सातवी शिकलेल्या बाईलाही एका दमात कळतो. आरोग्याची सूचना जिला कळत नाही, ती बाईही वगळलीच गेली. एकाला आत घेताना शंभरजणींना शब्दकोश उघडायला लावणे हे सामावून घेणे नव्हे. 'आई'च्या शेजारी 'पालक' लिहा, 'सांभाळणारी माणसे' लिहा, जागा पुष्कळ आहे. 'आई' खोडू नका.

एलिझाबेथच्या घरी

लूकच्या शुभवर्तमानात दोन गरोदर स्त्रियांची भेट आहे. आपण ती जपमाळेत कित्येकदा म्हणतो, पण या अंगाने क्वचित पाहतो. एलिझाबेथ उतारवयाची, लोक तिला वांझ म्हणत आलेले. मरियेची मागणी झालेली, पण ती अजून योसेफाच्या घरी नांदायला गेलेली नाही, आणि दिवस राहिलेले. गावाच्या तोंडी या दोघींसाठी कोणते शब्द असू शकतात, हे आपल्याला सांगायला नको. मरिया डोंगराळ मुलखात चालत जाते आणि दारात उभी राहते. एलिझाबेथ तिची कसलीही चौकशी करत नाही. ती मरियेला आपल्या प्रभूची आई म्हणते. मरियेसाठी 'आई' हा शब्द शुभवर्तमानात प्रथम येतो तो येथे, आणि तो तिला एका अशा बाईने दिला, जिला लोकांनी स्वतः वाईट नाव ठेवले होते.

त्या एका शब्दात दोन्ही कसोट्या उतरतात. तो पूर्ण खरा आहे, आणि त्याने दार सताड उघडले. मरिया तीन महिने तेथे राहिली.

भाविकहो, हे आपल्याला आपल्या घरी करता येण्यासारखे आहे. ओटीभरणाला विधवा आत्याला आणि मूल नसलेल्या वहिनीला पहिल्या पाटावर बसवा. त्यांचे आशीर्वाद कुणापेक्षा हलके नाहीत. बारशाला जाल तेव्हा 'मुलगीच' मधला 'च' घरी ठेवून जा. जिचे बाळ गेले, तिला "दुसरं होईल" म्हणण्याची घाई करू नका. "बाळ गेलं, वाईट झालं" एवढे म्हणा आणि बसून राहा. दत्तक मुलाच्या आईला आईच म्हणा. बापालाही बाळाच्या अंघोळीचे पाणी तापवू द्या, त्याला 'बायकांच्या कामात' पाहुणा करू नका. आशाताई, अंगणवाडीताई आणि आपल्या धर्मग्रामातल्या परिचारिका यांना एक विनंती : नवऱ्याचे नाव विचारायचेच असेल, तर बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारा.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून अनेक कामांसाठी हाच एक दाखला लागतो. लोक काय म्हणतील या भयाने नोंद राहिली, तर त्याची किंमत बाळ मोजते. नोंद कशी करावी हे कुणाला कळत नसेल, किंवा सोबत हवी असेल, तर चर्चच्या कार्यालयात या. आम्ही बरोबर येऊ.

आणि बाप्तिस्म्याचा अर्ज न्यायला येणाऱ्या प्रत्येक आईला, ती कुणीही असो, आमचे सांगणे एवढेच : बाळाला घेऊन या. रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आम्ही कार्यालयात असतो. रकाना रिकामा राहिला तरी चालेल, त्याचे आपण बसून बघू.